मूळ न पाहिलेल्यांचे रूपांतर : 'रोड फायटर'ची घरगुती आवृत्ती आणि जबलपूर

रूपांतराचा विचार करताना आपण एक चित्र बहुधा गृहीत धरतो. मूळ संहिता आधी आणि रूपांतर नंतर असते, आणि दोन्ही अभ्यासकाच्या मेजावर शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. काय गळले, काय भर पडली, काय बदलले याची मोजदाद मग करता येते. अभ्यासकाच्या मेजापुरते हे चित्र खरे आहे. रूपांतराच्या प्रत्यक्ष ग्राहकाच्या बाबतीत ते फारसे खरे नसते. गो. ब. देवलांच्या 'संशयकल्लोळ'ला हसणाऱ्या प्रेक्षकांपैकी किती जणांनी मोलियेर वाचला होता, आणि मोलियेर व देवल यांच्यामध्ये आर्थर मर्फी नावाचा आयरिश नाटककार उभा आहे हे किती जणांना ठाऊक होते? तरीही 'संशयकल्लोळ' अपुरे वाटले, असे कोणी म्हटलेले नाही.

प्रस्तुत लेखात हाच प्रश्न एका अनपेक्षित उदाहरणाच्या आधारे तपासावयाचा आहे. 'रोड फायटर' हा कोनामी या जपानी कंपनीचा वाहन चालविण्याचा खेळ १९८४ साली नाणे टाकून चालणाऱ्या यंत्रावर आला. १९८५ साली निन्टेंडोच्या 'फॅमिकॉम' या घरगुती यंत्रासाठी त्याची आवृत्ती निघाली. भारतातील मध्यम आकाराच्या शहरांत, आणि येथे ज्याचा विचार करावयाचा त्या जबलपुरात, १९९० च्या दशकात पोहोचली ती ही दुसरी आवृत्ती. व्हिडिओ खेळ हा साहित्याच्या अभ्यासाचा विषय होऊ शकतो का, या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. एस्पेन आर्सेथ यांच्या 'सायबरटेक्स्ट' (१९९७) पासून तो वाद पुरेसा झालेला आहे. रूपांतराच्या आपल्या संकल्पनांना हा खेळ काही प्रश्न विचारतो, एवढे कारण आपल्याला पुरेसे आहे.

खेळाची रचना थोडक्यात अशी आहे. रस्ता वरून दिसतो, नकाशात दिसावा तसा. खेळाडूची लाल गाडी पडद्याच्या खालच्या भागात असते आणि रस्ता तिच्या दिशेने खाली सरकत राहतो. एक बटण मध्यम वेगासाठी आणि दुसरे ताशी ४०० किलोमीटरपर्यंत जाण्यासाठी. समोरून इतर गाड्या येतात असे वाटते. वस्तुतः आपण त्यांना मागे टाकीत असतो. काही गाड्या आपली रांग सोडत नाहीत, काही ऐन वेळी आडव्या येतात. एखाद्या गाडीचा धक्का बसला तर आपली गाडी घसरते आणि उलट दिशेला वळवून ती सावरता येते. सावरली नाही तर रस्त्याच्या कडेला आपटून तिचा स्फोट होतो. ट्रकला धडकल्यास सावरण्याची संधीच मिळत नाही. मात्र स्फोट झाला म्हणून खेळ संपत नाही. गाडी पुन्हा रस्त्यावर येते, शून्य वेगापासून. खेळ संपतो तो इंधन संपल्यावर. इंधन १०० पासून उतरत जाते आणि ते वाढविण्याचा मार्ग एकच आहे : अधूनमधून येणाऱ्या एका विशिष्ट रंगीबेरंगी गाडीला मुद्दाम स्पर्श करणे. सर्व गाड्या टाळावयाच्या आणि एकीला मात्र गाठावयाचे, असा हा उलटा नियम आहे. घरगुती आवृत्तीत असे चार टप्पे आहेत.

यात शर्यत नाही, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. जबलपूरच काय, सर्वत्र मुले याला 'कार रेस' म्हणत. परंतु या खेळात पहिला-दुसरा क्रमांक नाही आणि प्रतिस्पर्धी नाही. बाकीच्या गाड्या जिंकण्यासाठी धावत नाहीत; त्या वाटेत असतात, इतकेच. रोजे काय्वा यांनी खेळांचे जे चार प्रकार मानले त्यांतील 'स्पर्धा' येथे नावापुरती आहे. स्पर्धा असलीच तर ती उतरत जाणाऱ्या आकड्याशी आहे.

हा उतरता आकडा कोठून आला, हे समजण्यासाठी मूळ यंत्राकडे जावे लागते. नाण्यावर चालणाऱ्या यंत्राचा मालक आणि खेळणारा यांचे हितसंबंध परस्परविरुद्ध असतात. मालकाला नाणी अधिक हवीत, म्हणजे प्रत्येक खेळ लवकर संपावयास हवा; खेळणाऱ्याला एका नाण्यात जास्तीत जास्त वेळ हवा. या दोघांमधील तडजोड खेळाच्या रचनेतच लिहिलेली असते. नामकोच्या 'पोल पोझिशन' (१९८२) आणि सेगाच्या 'आउटरन' (१९८६) यांनी ती घड्याळाच्या रूपाने लिहिली : ठराविक वेळात पुढचा टप्पा गाठा, नाहीतर खेळ संपला. 'रोड फायटर'ने घड्याळाला इंधनाचे रूप दिले. इंधन हा येथे वास्तवाचा तपशील म्हणून आलेला नाही, कारण ताशी ४०० किलोमीटरने धावताना दुसऱ्या गाडीला चाटून टाकी भरणाऱ्या खेळाला वास्तवाची फिकीर असण्याचे कारण नाही. इंधन म्हणजे त्या नाण्याची उरलेली किंमत होय. पडद्यावर घटताना दिसतो तो खेळणाऱ्याने विकत घेतलेला वेळ.

घरगुती आवृत्तीत नाणे नाही. यंत्र एकदा विकत घेतले की कितीही वेळ खेळता येते. तरीही इंधन राहिले. कोनामीच्या ज्या कारागिरांनी ही आवृत्ती घडवली त्यांच्यापुढे ते काढून टाकण्याचा पर्याय नव्हता असे नाही. पण ते काढल्यास खेळच उरत नाही. कारण नाहीसे झाले आणि कार्य मागे राहिले. भाषांतरात असे प्रकार आपण पाहतो. मूळ भाषेतील वृत्ताच्या सोयीसाठी आलेला एखादा शब्द भाषांतरात निष्ठेपोटी टिकून राहतो आणि त्या भाषेत त्याला वृत्ताचे प्रयोजन नसल्यामुळे वाचक त्यात अर्थ शोधू लागतो. 'रोड फायटर'मधील इंधनाचे जबलपुरात असेच झाले.

येथे जबलपूरविषयी काही सांगणे आवश्यक आहे. १८१७ साली इंग्रजांच्या ताब्यात जाण्यापूर्वी हे शहर नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होती. त्यानंतर नागपूर एका राज्यात गेले, जबलपूर दुसऱ्यात राहिले. येथील मराठी घरांत तेव्हापासून भाषा दोन : उंबरठ्याच्या आत एक आणि बाहेर दुसरी, आणि मुलांच्या तोंडी दोहोंचे मिश्रण. गजानन माधव मुक्तिबोध १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात काही काळ या शहरात शिक्षक आणि पत्रकार होते. मराठी घरात वाढलेला हा कवी हिंदीत लिहीत होता, तर त्यांचे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत होते, आणि दोघांपैकी कोणी दुसऱ्याचे भाषांतर नव्हते. अशा शहरात 'मूळ' आणि 'अनुवादित' यांतील सीमारेषा घरच्या व्यवहारातच पुसट असते.

जबलपूरची दुसरी ओळख वाहनांची. येथील गन कॅरेज फॅक्टरी आणि १९६९ साली स्थापन झालेली व्हेईकल फॅक्टरी यांनी लष्करासाठी हजारो वाहने बनवली. जर्मन 'मान' कंपनीच्या परवान्यावरील 'शक्तिमान' ट्रक येथला. निस्सानच्या 'पेट्रोल' या जपानी गाडीवरून परवान्याने बनवलेली 'जोंगा' ही येथलीच, आणि तिचे नावच मुळी या शहराच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षराने सुरू होते : जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली. १९९९ पर्यंत ती बनत होती. 'पेट्रोल' हे मूळ गाडीचे नाव गस्त या अर्थाचे आहे, इंधनाच्या अर्थाचे नाही, हा केवळ योगायोग. पण नाव बदलल्यामुळे जबलपूरकरांना त्या श्लेषाचा लाभ झाला नाही. मुद्दा असा की जपानी मूळ आणि जबलपुरी नाव असलेली वस्तू या शहराला नवी नव्हती. जोंगाकडे पाहून कोणाला निस्सानची आठवण होत नसे. ती लष्कराची गाडी होती आणि कारखान्यात काम करणाऱ्यांच्या दृष्टीने आपली गाडी होती.

'रोड फायटर' आला तो अर्थातच परवान्याने नव्हे. फॅमिकॉमच्या धर्तीवर बनवलेली, 'सामुराई', 'लिटल मास्टर' अशा नावांनी विकली जाणारी यंत्रे भारतीय बाजारात होती आणि त्यांच्याबरोबर एकेका कॅसेटमध्ये अनेक खेळ येत. (यंत्रात बसवावयाच्या त्या प्लास्टिकच्या पेटीला आपल्याकडे सर्वत्र 'कॅसेट' म्हणत. ध्वनिफितीचा शब्द तिला कसा चिकटला हा भाषाशास्त्राचा एक गमतीदार प्रश्न आहे. विकत घेऊन घरातल्या यंत्रात घालावयाची करमणूक म्हणजे कॅसेट, असा अर्थविस्तार त्यामागे असावा.) दूरदर्शन संचाची अँटेनाची वायर काढून तेथे या यंत्राची वायर जोडावयाची आणि एक वाहिनी जुळवून घ्यावयाची. खेळ चालू असेपर्यंत घरातील इतरांचा कार्यक्रम बंद. म्हणजे नाणे नसले तरी वेळ फुकट नव्हता. तो घरातील इतरांच्या वेळातून कापून घेतलेला होता.

नाण्याच्या त्या अवशेषाला नवे काम मिळाले ते येथे. 'रोड फायटर' एका वेळी एकानेच खेळावयाचा खेळ आहे. भावंडे आणि शेजारची मुले मिळून चौघे-पाचजण बसलेले असले की पाळी कधी बदलावयाची याला काही माप हवे. ते माप खेळातच तयार होते : पेट्रोल संपले की पाळी संपली. पडद्यावर इंधनासाठी इंग्रजी शब्द असे. मुले तो 'पेट्रोल' असाच वाचीत. जबलपुरातील मराठी घरांत 'तुझं पेट्रोल संपलं, दे इकडे' हे वाक्य खेळाबाहेरच्या भांडणांतही वापरले गेलेले प्रस्तुत लेखकाने ऐकले आहे. नाण्याने यंत्राचा वेळ अनोळखी गिऱ्हाइकांत वाटला जाई. इंधनाने तो भावंडांत वाटला गेला. मालकाचा फायदा लक्षात घेऊन केलेली रचना घरात न्यायाची रचना झाली. जो निपुण होता तो अर्थातच बराच वेळ जागा अडवून बसे आणि तक्रारी होत. परंतु तक्रार व्यक्तीविरुद्ध असे, नियमाविरुद्ध नसे.

लिंडा हचन यांनी 'अ थिअरी ऑफ अ‍ॅडाप्टेशन' (२००६) मध्ये मूळ ठाऊक असलेला आणि मूळ ठाऊक नसलेला असे दोन प्रेक्षक मानले आहेत. दुसऱ्या प्रकारच्या प्रेक्षकाला रूपांतर हे रूपांतर म्हणून जाणवत नाही. तो ते कोणत्याही स्वतंत्र कृतीसारखे अनुभवतो. हे विधान चुकीचे नाही, पण त्यातून असा समज होतो की मूळ ठाऊक नसेल तर मुळाचा संबंधही संपला. जबलपूरचे उदाहरण हे मान्य करू देत नाही. तेथील मुलांनी नाण्याचे यंत्र बहुधा पाहिलेलेच नव्हते. तरीही त्या यंत्राच्या अर्थव्यवहाराने त्यांच्या संध्याकाळचे वाटप केले. मूळ त्यांच्या ज्ञानात नव्हते, पण रचनेत होते. 'संशयकल्लोळ'मध्येही फाल्गुनरावाचा संशय ज्या क्रमाने वाढतो आणि गैरसमजांची साखळी ज्या ठिकाणी दुहेरी होते ती योजना देवलांच्या हाती दुरून आलेली आहे. मोलियेर न वाचलेला प्रेक्षक तिच्या तालावरच हसतो. प्रेक्षकाचे अज्ञान हा रूपांतराच्या स्वातंत्र्याचा पुरावा मानणे म्हणूनच उतावीळपणाचे आहे.

दोन्ही उदाहरणांतील फरकही नोंदवावयास हवा. देवलांनी नावे, घरे, बोलणे सारे मराठी केले; स्थानिकीकरण रूपांतरकाराने केले. 'रोड फायटर'च्या कारागिरांनी जबलपुरासाठी काहीही केले नाही, त्यांना ते शहर ठाऊक असण्याचाही प्रश्न नव्हता. येथे स्थानिकीकरण ग्राहकाने केले, आणि तेही कृतीला हात न लावता, तिच्या भोवतीच्या व्यवहारातून केले. हे शक्य झाले याचे एक कारण खेळातील शब्दांची अल्पता हे आहे. जपानी खेळ असूनही पडद्यावर जपानी लिपी नाही. चार-दोन इंग्रजी शब्द आणि बाकी आकडे. त्याच यंत्रावरील 'ड्रॅगन क्वेस्ट' (१९८६) सारखे शब्दबहुल खेळ आपल्याकडच्या कॅसेटींत सहसा आढळत नाहीत. ज्याला भाषांतरकार लागतो ते मागे राहिले. ज्याला लागत नाही ते आले. विश्वसाहित्य म्हणजे भाषांतरात ज्याची भर पडते ते साहित्य, असे डेव्हिड डॅमरॉश म्हणतात. परंतु भाषांतराची गरजच न पडल्यामुळे जे प्रवास करते त्याचे काय, याचा विचार त्या व्याख्येत पुरेसा येत नाही.

आवृत्तीच्या घडणीकडेही थोडे पाहावयास हवे, कारण 'काही बदलले नाही' असा समज त्यातून होऊ नये. मूळ यंत्राचा पडदा उभा होता, उंची अधिक आणि रुंदी कमी. वरून दिसणाऱ्या लांब रस्त्याला तो साजेसा होता. घरातील दूरदर्शन संच आडवा. रस्ता आडवा करता येत नाही. त्यामुळे रस्त्याचा पट्टा संकोचला आणि उजवीकडे मोकळी जागा उरली. तेथे गुण, वेग आणि इंधन यांचे आकडे आले. डावीकडच्या अरुंद पट्टीत एक लहानशी खूण वर सरकत किती अंतर कापले ते दाखवते. पोथीच्या समासात टीप असावी तसे हे आहे. खेळणाऱ्याची नजर संहितेवर असते, पण मधूनमधून समासाकडे जाते, आणि ज्या क्षणी ती समासाकडे जाते नेमक्या त्याच क्षणी ट्रक येतो. पाहणाऱ्यांचे तसे नसते. पाळीची वाट पाहत बसलेल्यांची नजर रस्त्याऐवजी समासावर, म्हणजे उतरत्या आकड्यावर खिळलेली असते. एकाच पडद्यावर दोन वाचने चालू असतात आणि त्यांचे हितसंबंध पुन्हा परस्परविरुद्ध असतात. यंत्राच्या मालकाची जागा आता वाट पाहणाऱ्या धाकट्या भावाने घेतलेली असते. शर्यत चालू असताना या आवृत्तीत संगीत नाही, केवळ इंजिनाची एकसुरी घरघर आहे. त्यामुळे बघ्यांच्या सूचना आणि शेरे यांनाच खोलीत वाव मिळतो.

पाठचिकित्सेच्या दृष्टीने सर्वांत अडचणीची बाब कॅसेटची आहे. अनेक खेळांच्या त्या कॅसेटींवर खेळांची संख्या शेकड्यांत, हजारांत, कधी लाखांत छापलेली असे. प्रत्यक्षात मोजके खेळ वेगवेगळ्या क्रमांकांखाली, कधी निराळ्या नावांनी, कधी पुढच्या टप्प्यापासून सुरू होणारे असे पुन्हा पुन्हा येत. ग्राहकाची ती फसवणूक होती, यात शंका नाही. पण मराठीच्या अभ्यासकाला ही वस्तू अनोळखी वाटू नये. जुन्या मराठी हस्तलिखितांतील 'बाड' हे असेच असते : एकाच वहीत अनेकांच्या रचना, काही अर्धवट, काही दोनदा उतरवलेल्या, कर्त्याचे नाव कधी चुकलेले तर कधी गाळलेले. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती पाठ बिघडले होते म्हणूनच. बाडाकडे आपण भ्रष्ट प्रत म्हणून पाहतो तसेच ग्रंथाच्या प्रसाराचा पुरावा म्हणूनही पाहतो. कॅसेटला ही दुसरी दृष्टी नाकारण्याचे काही कारण दिसत नाही. मात्र ज्यांच्या श्रमांवर हा व्यापार चालला त्यांना त्यातून काही मिळाले नाही, हे बाडाच्या उपमेने झाकले जाऊ नये. बाड उतरवणारा ते विकण्यासाठी उतरवीत नसे.

अशा कॅसेटींवर कोनामीचे नाव आणि हक्काची ओळ अनेकदा पुसलेली असे. कारागिरांची नावे मुळातच नव्हती. तेव्हा कृती दोनदा निनावी झाली. परंतु एक गोष्ट पुसणाऱ्यांच्या हातून सुटली. बराच अंतर अपघाताविना कापल्यास रस्त्याच्या कडेने एक छोटी मानवाकृती उडत वर जाते. हा 'कोनामी मॅन', कंपनीच्या अनेक खेळांत डोकावणारे तिचे मानचिन्ह. अभंगाच्या शेवटच्या चरणात कवीची नाममुद्रा यावी तशी ही मुद्रा शीर्षकात नाही, संहितेच्या अंगात विणलेली आहे, म्हणून शीर्षक पुसल्यानंतरही ती राहते. आपल्याकडे त्या आकृतीला सर्रास 'सुपरमॅन' म्हटले गेले. १९९७ साली दूरदर्शनवर 'शक्तिमान' मालिका सुरू झाल्यावर तिला आणखी एक नाव मिळावे हे स्वाभाविक होते. जबलपुरात ते तितके सोपे नव्हते. ज्या घरांत वडील कारखान्यात जात तेथे शक्तिमान म्हणजे आधी ट्रक, आणि या खेळात ट्रक म्हणजे धडकताक्षणी स्फोट. मुद्रा शाबूत राहिली, कर्त्याचे नाव मात्र कोणी वाचले नाही. ती आकृती दिसली की बघ्यांतून एकच ओरड होई, 'दिसला, दिसला', आणि तिच्याकडे पाहण्याच्या नादात गाडी कडेला लागत असे.